पश्चिमेची खिडकी

कोळवण, पेटा मुळशी
ता. १४ जुलै १९२७

तीर्थरूप मामांस,

हे पत्र तुम्ही न उघडता परत धाडणार नाही, एवढ्या भरवशावर तुमच्या जावयाचा, वाल्मीकचा, नमस्कार. चंद्राच्या बारशाला मी भरल्या ताटावरून उठलो, ते चुकलं. चार पाहुण्यांदेखत तुम्ही म्हणालात, "माझी पोरगी त्या गारठ्यात परत जायाची न्हाई. बदली घ्या, न्हाईतर हितं येऊन ऱ्हावा," आणि माझं डोकं फिरलं. मास्तर माणूस, दिवसभर दुसऱ्याला गप्प बसवायची सवय. स्वतःवर वेळ आली की जमत नाही. पुरणपोळी ताटात तशीच राहिली. बार्शीपासून कुर्डुवाडीपर्यंत गाडीत मला तीच दिसत होती.

तुम्ही स्वतः वाचत नाही, तेव्हा हे पत्र नेहमीसारखं पिराजीबुवाच वाचून दाखवत असतील. बुवांनाही नमस्कार. पण बुवा, पोथीच्या चालीवर वाचू नका, नाहीतर मामा सवयीनं हात जोडून बसतील आणि माझ्यावर रागवायचं राहून जाईल.

इथं अकरा दिवस सूर्य दिसलेला नाही. आपल्याकडे पाऊस म्हणजे पाहुणा. आला तर पाटावर बसवून ओवाळावं. इकडे तो घरजावई आहे, चार महिने उठायचं नाव काढत नाही. मिठाला पाणी सुटतं, वह्यांना बुरशी येते, आगपेटीची काडी ओढावी तर नुसता गुल झडतो. धोतर सोमवारी वाळत घातलं तर गुरुवारी ते ओलंच असतं, फक्त त्याला वास नवा येतो.

पण मामा, माणसं बघावीत ती इथली. तुळजानं घरी येऊन गारठा सांगितला असेल, माणसं सांगायची राहिली असतील. होळी झाली की इथल्या बाया सरपण रचायला लागतात. बाहेरून ओलं झालं तरी आतलं लाकूड खडखडीत राहावं अशी त्यांची रचायची तऱ्हा आहे. मृगाच्या आधी प्रत्येक घराच्या पश्चिमेला गवताचे झाप बांधून होतात. मग पाऊस लागला की बाया पाठीवर इरलं घेतात, म्हणजे बांबूच्या कामट्या आणि पळसाच्या पानांचं छप्परच, आणि दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून भात लावतात. वर गाणी म्हणतात. मी छत्री घेऊन बांधावर उभा राहिलो तर त्या मलाच हसल्या, कारण वाऱ्यानं माझी छत्री उलटी केली होती.

शेजारी बयाबाई आणि तिचा नवरा येसाजी राहतात. धनगर आहेत. येसाजीचा थोरला भाऊ मेंढरं घेऊन पावसाआधीच तुमच्या अंगाला, देशावर गेला. मेंढराला हा पाऊस सोसत नाही. येसाजी मागं राहून भाताची दोन खाचरं करतो. आषाढ-श्रावणात घरातला विस्तव विझू द्यायचा नाही, हा या लोकांचा नेम आहे. रात्री राखेखाली निखारा झाकतात, सकाळी फुंकतात. एखाद्या घरातला विझलाच तर बयाबाई खापरातून निखारा पोचवते आणि वर चार शब्दही सुनावते.

तुळजाची प्रकृती मुळात नाजूक, त्यात पहिला पावसाळा. गेल्या दिवाळीत मी तिला पोचवायला आलो तेव्हा ती खोकून खोकून ओसरीवरच बसली, ते तुम्ही पाहिलंत. तुम्हाला राग आला तो बरोबर आहे. पण आता तिला सवय होईल. आमचं घर जरा जुनं आहे, पश्चिमेच्या अंगानं थोडी ओल येते, तिचं मी बघतो. पुण्याहून फ्लॅनेलचं कापडही आणलं आहे.

दसरा झाला की दोघींना न्यायला येऊ का? चंद्राला मी बारशाला अर्धा तास पाहिलं, त्यातला बराच वेळ ती झोपली होती.

आपला,
वाल्मीक


कोळवण
ता. २९ ऑगस्ट १९२७

तीर्थरूप मामांस,

तुमचं उत्तर नाही. उत्तर आलं नाही म्हणजे नकार, असं मी पोरांना शिकवत नाही, म्हणून पुन्हा लिहायला बसलो. नमस्कार.

मध्ये मला ताप आला होता. काळजीचं काही नाही, आता हिंडतो-फिरतो आहे. चार दिवस शाळा उघडली नाही म्हणून येसाजी बघायला आला. मी अंथरुणात कुडकुडत होतो. त्यानं अंथरुणाला हात लावला, भिंतीला हात लावला आणि मला घोंगडीत गुंडाळून पाठीवर घेतलं. ट्रेनिंग झालेला मास्तर गावातून पाठुंगळी चालला, हे पोरांनी पाहिलं. आता त्यांना माझा धाक किती राहिला असेल ते तुम्हीच समजा.

नऊ दिवस मी त्यांच्या घरी होतो. मामा, बाहेर तोच पाऊस, तोच वारा, आणि आत मात्र पाय आखडून घ्यावे लागत नव्हते. मला नवल वाटलं. पडल्या पडल्या दुसरं काम नव्हतं, म्हणून मी ते घर पोथीसारखं वाचलं. पश्चिमेला गोठा. म्हणजे पावसाच्या बाजूला आधी झाप, मग भिंत, मग गुरं, मग कूड आणि मग माणसं. चार म्हशींची ऊब कुडातून आत येते. मधोमध आगटी, तिच्यावर टांगलेली बांबूची ताटी. त्या ताटीवर बियाण्याचं भात, ओली लुगडी, सुकट, सगळं एकाच धुरात वाळतं. धूर वर गवतात शिरतो म्हणून छपराला कीड लागत नाही. माणसं आगटीकडे पाय करून निजतात, म्हाताऱ्यांना वाऱ्याआडची जागा, तरणे कडेला. कुणी कुठं निजायचं हे कुणी सांगत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं.

बयाबाईनं मला नाचणीची आंबील पाजली. मी ज्वारीचा माणूस. पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं. ती म्हणाली, "प्या गुमान. ज्वारी पोट भरती, नाचणी हाडं शेकती." तिसऱ्या दिवशी मी होऊन मागून घेतली.

मी तिला विचारलं, "तुमचं घर इतकं उबदार कसं?" ती पाटावर लसूण सोलत होती. म्हणाली, "पाऊस काय वरनं येतुया व्हय मास्तर? त्यो बाजूनं येतुया. घराचं तोंड कुटं असावं ते पावसाला इचारायचं, पुस्तकाला न्हाई." येसाजीनं तिला डोळ्यानं दटावलं. मग ती आणखीही काही बोलली, तुळजाबद्दल. ते इथं लिहीत नाही.

चंद्राला दात यायला लागले का? पाचव्या महिन्यात येतात असं बयाबाई म्हणते.

आपला,
वाल्मीक


कोळवण
ता. १२ ऑक्टोबर १९२७

तीर्थरूप मामांस,

दसरा झाला. न्यायला येऊ का, याचं उत्तर आलं नाही, तेव्हा मी आलो नाही. आता लिहितो ते पिराजीबुवांनी सावकाश वाचावं, आणि तुम्ही शेवटपर्यंत ऐकावं. मध्येच उठलात तरी तक्रार करायचं तोंड मला नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी इथं रुजू झालो. गावानं राहायला घर दिलं. पडवीत शाळा भरवायची, आत आम्ही राहायचं. ट्रेनिंग कॉलेजात आम्हाला आरोग्यशास्त्र होतं. राहत्या घरात हवा खेळती पाहिजे, खिडकीसमोर खिडकी पाहिजे, धूर घरात नको. त्या विषयात मला शंभरातले एक्क्याऐंशी गुण होते. या घराला पश्चिमेकडे साधं भोकही नव्हतं. मी म्हणालो, अडाणी लोक, यांना हवेचं महत्त्व काय कळणार.

बुधा म्हणून एक गडी आहे, वरच्या वाडीवरून मजुरीला येतो. त्याला बोलावून पश्चिमेची भिंत दाखवली आणि सांगितलं, हितं दोन हात रुंद खिडकी पाड. त्यानं पहार खाली ठेवली. "मास्तर, हितं? पाऊस हिकडनंच येतो."

"तू खिडकी पाड," मी म्हणालो. "पावसाचं मी बघतो."

येसाजी येऊन सांगून गेला. बयाबाई येऊन सांगून गेली. मी त्या दोघांना बसवून प्राणवायू म्हणजे काय ते समजावून दिलं. त्यांनी मान डोलावली. मास्तरांचा मान राखायला डोलावली हे मला आता कळतं. मग मी चूलही घरातून हलवली आणि मागच्या उघड्या छपरीत घातली. धुरानं पुस्तकं काळी होतात म्हणून.

जूनच्या अखेरीला पावसाचं मी काय बघतो ते दिसलं. खिडकीला फळी लावली, वाऱ्यानं काढली. पोतं लावलं, ते रात्रभर आत पाणी गाळत राहिलं. ओल भिंतीतून जमिनीत, जमिनीतून अंथरुणात. तुळजा छपरीत भिजत चूल पेटवायची, भिजत आत यायची आणि ओल्या वाकळेवर पडायची. तिला खोकला लागला. मी काय म्हणायचो ते ऐका: "सगळं गाव राहतं, तुलाच कसं गार लागतं?" सगळं गाव माझ्या घरात राहत नव्हतं, एवढं साधं गणित मला सुटलं नाही. बुजवू म्हटलं तर पाऊण दिवसाचं काम होतं. पण बुधासमोर, येसाजीसमोर माघार घ्यायची कशी? मास्तर चुकला म्हटलं तर शाळा कोण चालवणार, असं मी मनाशी म्हणत होतो. दिवस गेले आहेत हे तिनं मला सांगितलं तेव्हाही ती खिडकी उघडी होती.

आणि तुमच्याकडे येऊन तिनं काय सांगितलं? गाव गार आहे. मामा, गाव गार नाही. घर मी गार केलं. बारशाच्या दिवशी तुम्ही गावाला नावं ठेवत होता आणि ती दाराआड उभी होती. एका वाक्यात ती मला सगळ्यांसमोर उघडं पाडू शकली असती. तिनं दोष गावावर जाऊ दिला, आणि मी वर अपमान झाल्यासारखा ताटावरून उठलो. बयाबाईनं माझ्या त्या आजारात तुळजाबद्दल जे सांगितलं, ते हेच: "गेल्या साली पोर रोज माझ्याकडं येऊन पदर शेकायची. म्हणायची, ह्यांना सांगू नका, ह्यांना वाईट वाटंल." मला हे ठाऊक नव्हतं. मला तिच्याबद्दल फार थोडं ठाऊक होतं.

परवा बुधाला बोलावलं. तो पहार घेऊन आला, मी म्हणालो, आज पहार नको, दगड-माती आण. तो हसला नाही. नुसतं "व्हय" म्हणाला आणि दुपारपर्यंत भिंत पूर्ववत केली. मजुरी द्यायला गेलो तर म्हणाला, पाडायची घेतली, लिंपायची न्हाई घेत. चूल आत आली. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून छप्पर टाकून येसाजीनं तिथं आपली कालवड आणून बांधली. "तुमाला ऊब, मला जागा," म्हणाला.

तुम्ही माझ्यावर रागवा. गावावर रागवू नका.

आपला,
वाल्मीक


कोळवण
ता. १६ डिसेंबर १९२७

तीर्थरूप मामांस,

मागच्या पत्रानंतर दोन महिने झाले. तुम्ही रागावून कार्ड टाकाल असं वाटलं होतं; तेही नाही. पौडहून डाकवाला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, आणि आता मला लांबून पाहूनच नकाराची मान हलवतो.

इथं आता दुसरी थंडी पडली आहे. पावसातली थंडी अंगाला चिकटते, ही कोरडी, नाकाला लागते. पहाटे धुकं खोऱ्यात उतरतं ते नऊपर्यंत तसंच. तिकोना किल्ल्याचं टोक तेवढं वर दिसतं. माणसं उजाडताच खळ्यावर येतात आणि उन्हाकडे पाठ करून उभी राहतात. पाठ शेकली की भात झोडायला सुरुवात. कुणाला काम सांगावं लागत नाही, ऊनच सांगतं. भात निघालेल्या खाचरात नांगर न घालताच वाल पेरतात. तो नुसत्या दवावर वाढतो, वरून एक थेंब लागत नाही. पावसाला चार महिने तोंड दिलेली हीच माणसं दवाचाही असा उपयोग करून घेतात. मी थक्क होऊन बघत राहतो.

मीही थोडा शिकलो आहे. शाळा पडवीतून उन्हात आणली. ऊन सरकेल तशी शाळा सरकते. गणित देवळापाशी सुरू होतं आणि कविता लोहाराच्या दारात संपते. पोरांची बोटं गारठत नाहीत म्हणून अक्षर सुधारलं. तपासणीला साहेब आले तर त्यांना शाळा शोधावी लागेल, पण ते बघू.

बयाबाई टकळीवर जावळाची लोकर कातते आहे, म्हणजे कोकराची पहिली कातरलेली लोकर. मऊ असते. "पोरीला लागंल," म्हणते. मी तिला अजून सांगितलेलं नाही की तुम्ही पोरीला पाठवणार नाही.

मामा, माझ्या लिहिण्यावर विश्वास ठेवू नका. स्वतः या. भर थंडीत या. चार दिवस राहा, आणि मग जे ठरवाल ते मी ऐकेन.

आपला,
वाल्मीक


कोळवण
ता. २२ जानेवारी १९२८

तीर्थरूप मामांस, आणि हे पत्र वाचणारीस,

मामा, तुम्ही आलात. सांगून आला नाहीत, हे तर फारच बरं केलंत. तीन सदरे, वर कोट, कानाला मफलर, हातात दशम्यांची शिदोरी, अशा थाटात तुम्ही बैलगाडीतून उतरलात तेव्हा मी पोरांना पाढे सांगत होतो, आणि सातातेरी एक्क्याण्णवच्या पुढं मला काही आठवेना. दुसऱ्या दिवशी तुम्ही एक सदरा उतरवला, तिसऱ्या दिवशी मफलर. जाताना कोट खांद्यावर होता.

पण तुमच्या इथल्या दुसऱ्या सकाळबद्दल लिहायचं आहे. बयाबाई आपल्यासाठी भाकरी करायला आली होती. तुम्ही उठून घराच्या चारही भिंतींना एकेक करून हात लावून पाहिलात आणि आगटीपाशी येऊन बसलात. "हितं गार कुटंय?" तुम्ही विचारलंत. "माझी पोरगी मग आजारी कशानं पडली?"

मला वाटलं तुम्ही माझी परीक्षा घेताय. मी म्हणालो, "ते पत्रात लिहिलं होतं, मामा."

"पत्रात पावसाचं लिवलं, माणसांचं लिवलं. त्या बुधाचं लिवलं."

"बुधाचं काय ऐकलंत?"

"गडी चांगला हाय, लिंपायची मजुरी घेत न्हाई म्हून."

"आणि खिडकीचं?"

"कसली खिडकी?"

मी म्हणालो, पिराजीबुवांनी नीट वाचलेलं दिसत नाही. त्यावर तुम्ही हसलात. "पिराजीबुवाला दिसतंय कुटं आता? दोनी डोळ्यांत मोतीबिंदू. उन्हाळ्यापासनं तुळजीच वाचती समदी पत्रं."

"तुळजा? तिला वाचता येतं?"

"म्हंजी? मास्तराची बायकू न्हवं ती? मला वाटलं तुमीच शिकिवलं."

मी शिकवलं खरं, पण तिला नाही. पडवीत मी सोळा पोरांच्या डोक्यात बाराखडी घालत होतो आणि भिंतीआड ती जात्यावर बसलेली असे. सोळांतली सात पोरं अजून जोडाक्षराला अडतात. ती पाच महिन्यांत, न विचारता, न सांगता, पाटीला हात न लावता शिकली. मधूनमधून जात्याची घरघर थांबायची. मला वाटायचं, दळण सरलं.

मग तुम्ही पुन्हा विचारलंत, "सांगा की. आजारी कशानं पडली?"

मामा, त्या क्षणी मला कळलं की तुम्हाला काहीच माहीत नाही. माझी सगळी कबुली तिनं तुम्हाला वाचून दाखवताना गाळली होती. आणि मी काय केलं? मी म्हणालो, "पहिलाच पावसाळा होता, मामा. सवय नव्हती." बयाबाईचा भाकरी थापणारा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा थापायला लागली. तुम्ही समाधानानं जेवलात. निघताना म्हणालात, "गाव झ्याक हाय. माघाची पुनव झाली की मायलेकींना आणून सोडतो." मला इतका आनंद झाला की मी तुमच्या पाया दोनदा पडलो.

तुमची गाडी वळणाआड गेल्यावर बयाबाई म्हणाली, "मास्तर, म्हातारा लई साधा हाय. त्याला फशिवलं तुमी."

आज आठ दिवस ते वाक्य माझ्याबरोबर जेवायला बसतं. म्हणून हे पत्र. खिडकी मी पाडली. चूल मी बाहेर काढली. तीन माणसांनी सांगितलं तरी ऐकलं नाही. तिचा खोकला त्यातून आला. आणि एक गोष्ट मी ऑक्टोबरच्या पत्रातही लिहिली नव्हती, ती आता लिहितो.

श्रावणातला दिवस होता. मी पौडला पगाराला गेलो होतो, संध्याकाळी भिजून परत आलो. तुळजानं घरात, मधोमध, चार दगड मांडून विस्तव केला होता. बयाबाईकडून खापरातून निखारा आणला होता. खोलीत धूर होता आणि ती त्या विस्तवाशी हात धरून बसली होती. मला बघून हसली. मी भिजून येणार म्हणून तिनं तो केला होता. माझं नवं आरोग्यशास्त्राचं पुस्तक कोनाड्यात होतं, त्याकडे माझं लक्ष गेलं. मी तांब्याभर पाणी घेतलं आणि विस्तवावर ओतलं. ज्या गावात श्रावणात विस्तव विझवणं पाप मानतात, त्या गावात मी माझ्यासाठीच पेटवलेला विस्तव विझवला. तिनं राख भरली, जमीन पुसली आणि मला कोरडं धोतर दिलं. त्या दिवशी घरात तेवढं एकच कोरडं कापड होतं.

तुळजा, आता तुला लिहितो. ऑक्टोबरचं पत्र तू गाळून वाचलंस. मला वाचवायला गाळलंस, हे मी समजलो आणि मान खाली गेली. तू माझ्यासाठी गावाला बदनाम केलंस, वडलांपासून लपवलंस, खोकला सोसलास. एवढी माझी पात्रता नव्हती. आता पुरे. हे पत्र मोठ्यानं वाच. पाण्याचं वाच. एक ओळ गाळू नकोस. मामांनी तुम्हाला पाठवायचं ठरवलं आहे ते माझ्या खोट्या बोलण्यावर, आणि तसल्या बोलण्यावर मला तू यायला नको आहेस.

मामा, हे ऐकून तुम्ही नाही म्हणालात तर तो तुमचा हक्क. मग मी बदलीचा अर्ज करीन. बदली मिळाली नाही तर नोकरी सोडून बार्शीला येईन आणि तुमच्या ओसरीवर राहीन. घरजावई म्हणालात तर ओ देईन.

वाल्मीक


बार्शी
ता. १ फेब्रुवारी १९२८

मास्तरांस,

पत्र पोचलं. आबांना वाचून दावलं. समदं. पाण्याचं बी.

आबा उठून गोठ्यात गेले. दोन दिस गुरांतच राबत ऱ्हायले. तिसऱ्या दिशी सकाळी चंद्राला मांडीवर घेऊन बसले आन म्हणाले, तुळजे, तू काय म्हणतीस? मला लग्नात कुणी इचारलं न्हवतं, आणताना इचारलं न्हवतं, ठिवून घेताना इचारलं न्हवतं.  मी म्हणलं, जाते. मला ती माणसं आवडत्यात. आन मास्तरबी आता माणसात आलेत. आबा म्हणाले, यायला दोन साल लागली, पण आला म्हणायचा. पुनव झाली की दुसऱ्या दिशी निघतो. आबा पौडापत्तुर येत्यात, म्होरं तुमी या.

एक सांगायचं ऱ्हायलं. दसऱ्याचं पत्र गाळलं ते तुमाला वाचवाया न्हाई. तुमी तसं समजू नका. आदी मनात वाचत "घर मी गार केलं" हितवर आले आन कळलं की हे मोठ्यानं वाचलं तर माझा आवाज ऱ्हाणार न्हाई. आबांम्होरं रडायचं न्हवतं, म्हणून खिडकीची पानं उलटली.

या खेपंला आवाज ऱ्हायला.

तुळजा